वाटलेले आणि पोचलेले

सरकारी शाळेत हयात घालविलेल्या माणसाला मोजदादीचे वावडे असून चालत नाही. हजेरीपट, जडवस्तुसंग्रह, पुस्तकवाटपाचा तक्ता अशा रकान्यांतच आमचे निम्मे आयुष्य गेले. तपासणीस आलेल्या साहेबांनी आम्हांस नेहमी एकच विचारले : "किती वाटली?" वाटलेल्या पुस्तकांतून कोणास काय वाचता आले, यासाठी रकाना मात्र कोठल्याच तक्त्यात आम्हांस आढळला नाही.

परदेशी साह्याने चालणाऱ्या विकासयोजनांचे मूल्यमापन हा अर्थशास्त्रज्ञांचा प्रांत खरा. परंतु त्याचे मर्म या न छापलेल्या रकान्यातच आहे. केनियातील बुसिया भागाचेच पाहा. १९९६ च्या सुमारास एका डच संस्थेने तेथील शाळांना पाठ्यपुस्तके दिली. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांची तुलना केली. सरासरी गुण वाढले नव्हते! मुळात हुशार असलेल्या मुलांनाच काय तो लाभ झाला. कारण साधे होते. पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा. पुस्तके वाटली गेली, पोचली नाहीत.

आता आमच्या बडोद्याकडे वळू. २००१ पासून दोन वर्षे येथील आणि मुंबईच्या महानगरपालिका शाळांत 'प्रथम' संस्थेची 'बालसखी' योजना तपासण्यात आली. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून अक्षरओळख आणि अंकओळख करून देई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांना आढळले की गुण वाढले, आणि सर्वांत कच्च्या मुलांचे सर्वाधिक वाढले. योजना संपल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराच अंश ओसरला, हेही त्यांनी लपविले नाही. क्रेमर, बॅनर्जी व डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांवर कसले प्रयोग करता, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण बडोद्यात पहिल्या वर्षी निम्म्या शाळांना तिसरीसाठी आणि उरलेल्यांना चौथीसाठी बालसखी मिळाली. कोणतीही शाळा वगळली गेली नाही. शिवाय न तपासता वर्षानुवर्षे चालविलेली योजना हाही मुलांवरचा प्रयोगच. फक्त त्याचा निकाल कोणी लिहून ठेवीत नाही. चौथीतल्या मुलाचे वाया गेलेले वर्ष मात्र त्याला कोणी परत देत नाही.

आपल्या समाजात वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तके, संगणक देणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती : वर्षाने पुन्हा शाळेत या. कोनशिला पाहू नका. शेवटच्या बाकावरच्या मुलाला जवळ बोलवा आणि त्याच्याकडून एक पान वाचून घ्या.