आम्ही आणि आपण

दक्षिण अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुटबॉल तरी येतो, नाहीतर ॲमेझॉनचे अरण्य. पण त्याच खंडात, पेरू देशातल्या अँडीज पर्वतात, कुस्को नावाचे एक जुने शहर आहे. इंका राजांची ही राजधानी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३४०० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरांचे; म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी कुस्को गाठायला शंभरेक मीटर कमीच पडतात!

मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता पाठीवर एकेक सॅक अडकवून तिथे गेलो. समुद्रकाठच्या लिमाहून विमान सव्वा तासात कुस्कोला आणून सोडते. शरीराला मात्र हा सव्वा तासाचा हिशेब मंजूर नसतो. चार पायऱ्या चढलो की छातीचा भाता सुरू. उतरलो होतो तिथल्या घरमालकीणबाईंनी आल्याबरोबर कोकाच्या पानांचा चहा पुढे केला. कोकेन काढतात ती हीच पाने; पण इथे ती पाहुण्यापुढे आपल्याकडच्या गूळपाण्यासारखी येतात. पहिला दिवस मी गुमान पडून काढला. ही म्हणाली, “अहो, तुम्हांला एका जागी स्वस्थ बसवणारे काहीतरी जगात आहे म्हणायचे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलो, ते थेट मुख्य चौकात. भोवती कमानींचे सज्जे, एका बाजूला भव्य कॅथीड्रल. आत मार्कोस सापाता या अठराव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेले ख्रिस्ताचे शेवटचे भोजन आहे. मधल्या ताटात पाहावे, तर या डोंगरातले आवडते पक्वान्न, भाजलेला गिनीपिग! प्रसंग बायबलमधला, पण पंगत कुस्कोची.

बाहेरचे ऊन कोवळे होते, चौकात मुले खेळत होती. याच चौकात १८ मे १७८१ रोजी दुसऱ्या तुपाक आमारूला स्पॅनिश सत्तेने हाल करून मारले. आदल्या वर्षी त्याने बंड उभारले होते, आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास रसदेपासून माणसे जमवण्यापर्यंत सारे सांभाळत होती. तिलाही त्याच दिवशी, इथेच मारले. माणसे मारून राज्यकर्त्यांचे समाधान झाले नाही. इंकांचा पोशाख, त्यांची केचुआ भाषा आणि कुस्कोतच जन्मलेल्या इंका गार्सिलासोने लिहिलेला इंकांचा इतिहास, यांवरही बंदी आली. एखाद्या भाषेची सरकारला इतकी धास्ती वाटावी, याचे भाषेच्या मास्तराला नवल वाटले आणि थोडा अभिमानही.

चौकाच्या मागे हातुन रुमियोक नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या एका बाजूला इंकांची भिंत. चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा भिडलेला की मध्ये सुरीचे पाते शिरू नये. त्यात एका दगडाला बारा कोन आहेत, आणि बाराही ठिकाणी शेजारचे दगड त्याला सांभाळून बसले आहेत. “एकत्र कुटुंब!” ही म्हणाली.

तिथून उतरत कोरिकांचाला गेलो. हे इंकांचे सूर्यमंदिर. नावाचा अर्थ सोन्याचे आवार. स्पॅनिशांनी सोने नेले आणि मंदिराच्या भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ व चर्च बांधले. २१ मे १९५० रोजी भूकंप झाला, त्यात चर्चची फार पडझड झाली. खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. त्या किंचित आत कललेल्या आहेत, दारे-कोनाडे वर निमुळते आहेत. धरणीचा स्वभाव ओळखून केलेले ते काम.

दुपारी सान पेद्रोच्या मंडईत शिरलो आणि सूत्रे हिच्याकडे गेली. पिवळे, जांभळे, काळपट, बोटांएवढे, मुठीएवढे असे बटाट्यांचे ढीग! ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा. इथे बटाट्याला म्हणतात ‘पापा’. रात्रीच्या हिवात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटेही होते. ते वर्षानुवर्षे टिकतात. “म्हणजे वाळवणच की!” असे म्हणत हिने ते हातात घेऊन पाहिले. पुढे शेंगदाणे, रताळी, साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावाचा कंद, आणि किविचा नावाचे बारीक दाणे, म्हणजे आपल्या राजगिऱ्याचे सख्खे भाऊबंद. आमच्या एकादशीचे सारे ताटच अमेरिका खंडातले निघाले. वरी तेवढी आपली!

संध्याकाळी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलो. बाई शाळेत शिकवतात, इंग्रजी बोलतात. त्यांच्या आई मात्र केचुआ बोलत होत्या. ख, थ, फ असे आपले महाप्राण त्या बोलीत स्पष्ट ऐकू येत होते. मी ‘आम्ही’ला काय म्हणतात ते विचारले. बाईंनी उलट विचारले, “कोणते आम्ही? तुम्हांला धरून की वगळून?” मी खुर्चीवरून उठायचाच राहिलो. वगळून असेल तर ‘न्योकायकू’, धरून असेल तर ‘न्योकांचिस’. आपले ‘आम्ही’ आणि ‘आपण’! इंग्रजीत हा भेद नाही, स्पॅनिशमध्ये नाही, शेजारच्या हिंदीतही नाही. आणि इतक्या दूर, अँडीजच्या कुशीत, तो असा भेटावा!

१९७५ मध्ये पेरूने केचुआला राजभाषेचा दर्जा दिला. पण आजीने नातवाला काही विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले स्पॅनिशमध्ये. “समजते त्याला, बोलत नाही. शाळेत मुले हसतात,” बाई म्हणाल्या. बंदी उठून किती पिढ्या लोटल्या. आता बंदीची गरजच उरलेली नाही. हिने माझ्याकडे पाहिले. आमच्या शेजारची मुलगी हिला ‘काकू, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन ना?’ असे विचारते, आणि तिची आई ते कौतुकाने सांगते. तिथे कोणत्या राजाने फर्मान काढले होते?

बाईंनी मुलाला ‘न्योकांचिस’ म्हणायला सांगितले. तो लाजत पुटपुटला. आजीला उच्चार पसंत पडला नाही. तिने तो दोनदा म्हणवून घेतला. मग ती हिच्याकडे वळली आणि हिच्याकडूनही म्हणवून घेऊ लागली.