पत्र्यावरचा काथ्या

जीपच्या मागच्या हौद्यातून एका आठवड्यात काय काय जायचं ते आठवलं, की त्या काळी कार्पेटचा विषय कुणाच्या डोक्यात का आला नसेल ते लगेच कळतं. गुळाचे रवे, दुधाचे कॅन, पेंडेची पोती, बाजारातून आणलेली शेळी, जोतिबाच्या यात्रेला निघालेलं अख्खं घर, पावसाळ्यात चिखलाने जड झालेल्या चपला, आणि कधी रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं एखादं माणूस. माझ्या मामांची जीप कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर वडाप म्हणून चालायची. सकाळी माणसं, दुपारी माल, संध्याकाळी परत माणसं. दोन्ही अंगांना समोरासमोर बाकं, मधे पाय ठेवायला पत्रा, आणि पत्र्यावर काथ्याची जाड चटई.

ही चटई कशानेही चिकटवलेली नसायची. तिच्या चारही कडांना रेक्झिनची पट्टी शिवलेली, खाली गोणपाटाचा एक थर, बस्स. फाळका पाडला, दोन टोकं धरली आणि ओढली की सगळं बाहेर. मामा ती कुंपणावर टाकून काठीने झोडपायचे. तोवर आम्ही पोरं हौद्यात बादलीने पाणी मारायचो, आणि ते पाणी तळाच्या भोकातून खाली गळताना वाकून बघायचो. पाण्याबरोबर काय काय निघायचं! भुईमुगाची टरफलं, चिपाडाचे तुकडे, एखादं नाणं, कुणाच्या तरी वेणीतलं सुकलेलं फूल.

त्या भोकाला मोठा वारसा होता. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेल्या विलिस जीपच्या तळालाच पाणी काढून टाकायचं भोक आणि त्याला बूच असे. नदी-ओढ्यातून काढायची गाडी, वर छप्पर म्हणजे कॅनव्हास. आत पाणी येणारच, हे धरूनच तिची आखणी झाली होती. त्याच घराण्यातली जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली. पुढे महिंद्रांनी विलिसचं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल परवान्यावर इथेच बनवलं आणि ते कितीतरी वर्षं चालू ठेवलं. मामलेदाराची जीप, बीडीओची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसची जीप, निवडणुकीत कर्णे बांधून फिरणारी जीप, सगळ्या याच घराण्यातल्या. मामांची जीपही सरकारी लिलावातून आलेली. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिन बसवून घेतलेलं. तिथल्या कारागिरांना हे काम डाव्या हातचं होतं.

उद्यमनगरातच आमचे कुशनवाले चाचा बसायचे. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे पायाने चालवायचं भक्कम मशीन, भिंतीला टांगलेले दाभण, कात्र्या, रेक्झिनची भेंडोळी. हूड शिवणं हे त्यांचं मुख्य काम. सीटमधे भरायचा काथ्या ते हाताने पिंजायचे. चटईचं माप घेताना जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना जोडून हौद्यात अंथरायचे, बाकांच्या पायांभोवती बोटाने दाबत जायचे, आणि मग कागदावर उमटलेल्या घडीवर खडूची रेघ मारायचे. टेप त्यांच्या गळ्यात असायचा खरा, पण भरवसा कागदावर. जुन्या जीपचा पत्रा कुठेच काटकोनात उरलेला नसतो. डाव्या मडगार्डचं माप उजव्याला चालत नाही. हे त्यांना बोलून दाखवावं लागत नसे, त्यांचे हातच तसे फिरायचे.

मामांनी एकदा त्यांना विचारलं होतं, चटई खाली चिकटवूनच टाकली तर? रोज सरकते, फाळक्याकडे गोळा होते. चाचा म्हणाले, “पत्र्याला वारं लागाय पायजे, मामा. न्हाईतर आतनं गंज खातोय बघा त्येला, आणि कळतबी न्हाई.” मग त्यांनी चटईच्या पुढच्या कडेला दोन टिचबटणं मारून दिली, हूडच्या कडेला असतात तसलीच. सरकणं थांबलं आणि काढणंही सोपं राहिलं.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना चाचांचं म्हणणं वेगळं समजावून सांगायला नको. जून ते सप्टेंबर तिथे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. अशा हवेत ओला गोणपाट पत्र्यावर आठवडाभर राहिला तर रंगाखाली फोड धरतो, फोड फुटला की पापुद्रा निघतो आणि दिवाळीपर्यंत बोट आरपार जातं. म्हणून मृग निघायच्या आधी मामांचा एक ठरलेला दिवस असे. बाकं सोडवायची, चटई काढायची, तारेच्या ब्रशने पत्रा घासायचा, रेड ऑक्साइड मारायचं. चेसीला खालून डिझेल आणि जुन्या ऑइलचा फवारा. मामांना त्या जीपचा पत्रा बोटांनी ठाऊक होता. कुठे वेल्डिंगचा टाका आहे, कुठे पोचा आला आहे, कुठला बोल्ट फिरून फिरून सैल झाला आहे. मला आज त्या जीपमधलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर मामांची ही ओळख.

मात्र त्या हौद्यात बसणाऱ्यांचे हाल कमी नव्हते. मामींना माहेरी जाताना मागेच बसावं लागे, आणि घाट उतरेपर्यंत त्यांच्या कमरेचा काटा ढिला होई. डिझेल इंजिनाची झणझण पत्र्यातून थेट पायांत शिरायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की चटईवरही पाय उचलून धरावेत. खालून धूळ यायची ती वेगळीच. उतरल्यावर सगळ्यांचे केस एकाच रंगाचे. बोलायचं तर ओरडून बोलायचं. जुन्या दिवसांवर माझं मनापासून प्रेम आहे, पण मामींच्या कमरेशी खोटं बोलून ते मला सांगता येणार नाही.

मग गाड्या बदलल्या. १९९४ मधे सुमो आली, २००० मधे बोलेरो, २००२ मधे स्कॉर्पिओ. वर कॅनव्हासऐवजी पक्कं छप्पर, काचा, एसी. इथेच कार्पेटची खरी गरज निर्माण झाली. कॅनव्हासची जीप खडखडली तरी आवाज चहूकडे पसार व्हायचा. पत्र्याच्या बंद पेटीत तो आतच घुमतो, आणि सगळ्यात जास्त मागे घुमतो, कारण मागची चाकं, त्यांची मडगार्डं आणि फाळक्याचा मोठा सपाट पत्रा तिथेच असतो. एके काळी कापड ही चैन वाटली असती, आता ते कामाचं झालं.

हे काम आज कसं करतात ते मी मुद्दाम उभं राहून पाहिलं आहे, आणि त्यातल्या कसबाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. चाचा आता नाहीत; गादीवर त्यांचा मुलगा आहे. त्याच्याकडे भाच्याची नवी थार घेऊन गेलो होतो. आधी मागची सीट सुटली, मग बाजूची प्लास्टिकची पॅनेलं. पत्रा थिनरने पुसून घेतला. तेलाचा जरा जरी हात राहिला तर पुढचं काहीच धरत नाही. त्यावर ब्युटाइल रबराची शीट, वरून ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली. ही सगळीकडे लावायची गरज नसते. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जायचं. जिथे डब्यासारखा पोकळ आवाज येतो तिथे, मोकळ्या सपाट भागाच्या मधे तुकडा बसवायचा आणि लोखंडी रोलरने दाबायचा. पुन्हा टकटक केली की आवाज ‘ठण्ण’वरून ‘ठप्प’वर आलेला असतो. पत्र्याचं थरथरणं ही शीट थांबवते. कापडाचं काम त्यापुढचं, हवेतून फिरणारा आवाज शोषायचं.

कापड विणलेलं नसतं. सिंथेटिक तंतूंच्या जाड थरात काटेरी सुया असंख्य वेळा वरखाली मारून ते तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि गोलाईवर ओढलं तर कापड निमूट ताणलं जातं. मडगार्डची गोलाई हीच खरी परीक्षा. आधी मडगार्ड झाकायची, जमीन सगळ्यात शेवटी, म्हणजे जोड जमिनीच्या कापडाखाली लपतो. सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं, पत्र्यालाही आणि कापडाच्या पाठीलाही. मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट वाटेल पण बोटाला येणार नाही, इतकं ते सुकू द्यायचं. घाईत ओलंच दाबलं तर आत द्रावण कोंडतं आणि पहिल्या उन्हाळ्यात फुगे येतात. बंद गाडी एप्रिलच्या उन्हात किती तापते ते आपण जाणतोच; हलकं सोल्यूशन त्या उष्णतेने मऊ पडतं आणि मडगार्डवरचं कापड लोंबायला लागतं. चाचांच्या मुलाने मधून कडेकडे तळहाताने कापड सारत नेलं, कोपऱ्याला हीट गनची ऊब दिली, अंगठ्याने ओढलं, आणि ती दुहेरी गोलाई एकही चुणी न पडता बसली. मी अगदी ‘वा!’ म्हणालो. लव फाळक्याकडे झुकेल अशी ठेवली होती, म्हणजे झाडताना कचरा बाहेरच्या दिशेने निघतो. सीटबेल्टच्या बोल्टाजवळ कापडाला लहानशी चीर, भोक नाही. चीर कडा धरून ठेवते.

जमीन मात्र उरली होती, आणि तिथे आमचा वाद झाला.

“सर, फुल चिकटवूया की. एकदम फॅक्टरीगत दिसंल,” तो म्हणाला. भाच्यालाही तेच हवं होतं. मी त्यांना थारच्या तळाची बुचं दाखवली. २०२० च्या या थारमधे तळ पाण्याने धुता यावा म्हणून ड्रेन प्लग दिलेले आहेत, कंपनी ते मुद्दाम सांगते. एवढं सगळं बदललं, पॉवर स्टिअरिंग आलं, टचस्क्रीन आला, आणि तळाचं भोक मात्र राहिलं. कारण ही गाडी ज्या कामासाठी आहे ते काम बदललेलं नाही. भाचा तिच्यातून काय नेतो? ओला तंबू, चिखलाचे बूट, राधानगरीच्या जंगलाकडून येताना पावसात भिजलेल्या सॅका. माल बदलला, ओल तीच. आणि आता वर पक्कं छप्पर, खाली जाड कापड, कापडाखाली फेल्ट. फेल्ट पाणी पितं आणि सोडत नाही. वरून हात लावला तर कोरडं, आत आठवडाभर ओल. काथ्याचं तसं नव्हतं. नारळाच्या सोडणापासून निघालेला तो राठ धागा पाण्यात कुजायला फार वेळ घेतो, आणि त्याच्या जाळीतून पाणी खाली निथळून जातं. चाचांकडे काथ्या कोकणातून यायचा, कधी केरळातून. पायाला टोचायचा, पण त्या हौद्याला त्याच्याइतकं शहाणं अंथरूण दुसरं मिळालं नसतं, असं माझं पक्कं मत आहे.

आता बाजारात कार्पेटाऐवजी रेक्झिनसारखं लॅमिनेशनही मिळतं, चौकटीची शिवण असलेल्या जाड मॅट मिळतात. पुसायला सोप्या आहेत. पण त्याही कडेपर्यंत ठोकून बसवल्या तर खालच्या पत्र्याची गत तीच. वस्तू कुठली यापेक्षा ती उचलता येते का, हे मला महत्त्वाचं वाटतं. पूर्वी आठवड्यातून एकदा तळ दिसायचा. आज चिकटवून टाकलं की गाडी विकेपर्यंत मालकाला स्वतःच्या गाडीचा तळ दिसत नाही, आणि मग दुसऱ्या कुणीतरी तो उघडून त्याला भोकं दाखवायची. मला याचं दुःख होतं. शांतता हवी, मऊपणा हवा, मामींसारख्या माणसाला मागे बसून घाट सुखाने उतरता यायला हवा. पण त्यासाठी पत्र्याशी असलेली ओळख तोडायची काही गरज नाही.

चाचांच्या मुलाने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग आत जाऊन एक गंजका डबा घेऊन आला. पितळेची टिचबटणं. “आब्बाची हायत,” म्हणाला, “हूडचं काम बंद झाल्यापासनं कुणी विचारलीच न्हाईत.”

मडगार्डं आणि बाजू चिकटवलेल्याच राहिल्या. तिथे पाणी साचत नाही. जमिनीचा तुकडा वेगळा कापला. फेल्ट चिकटवायचं नाही असं ठरलं, त्याऐवजी पातळ फोम कापडाच्याच पाठीला लावला, जो पाणी पीत नाही. कडेला रेक्झिनची पट्टी शिवली, अगदी जुन्या चटईसारखी. टिचबटणांसाठी तळाला नवी भोकं पाडायची नव्हती, म्हणून सीटच्या बोल्टाखाली बसतील अशा छोट्या पट्ट्या बनवल्या आणि बटणाचे खालचे भाग त्यांवर रिपीट मारून बसवले. ड्रेन प्लगवर कापड मोकळं ठेवलं. बसवून झाल्यावर त्याने भाच्याला दोन टोकं धरायला लावली आणि म्हणाला, “वढा.” भाच्याने ओढलं, चट चट करत बटणं सुटली आणि सगळा तुकडा हातात आला. “आता लावा परत.” तेही जमलं. तीन-चारदा त्याने ते करून घेतलं, पोराच्या हाताला वळण लागेपर्यंत.

आता त्या दुकानात जीपवाल्यांना, थारवाल्यांना तो स्वतःहूनच विचारतो, जमीन चिकटवायची की बटणाची? बटणाला शिलाई जास्त पडते, वेळही जातो. ज्यांचं फिरणं घाटातलं आणि पावसातलं आहे, ते बहुतेक बटणाचीच करून नेतात. डब्यातली पितळी बटणं कधीच संपली. हल्ली तो स्टीलची मागवतो. मृगाच्या आधी कापड काढून आणलं तर कडेची शिवण तपासून देतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.