द्राक्षबागेचा ताळेबंद आणि वाइनचे प्रमाणपत्र

नाशिक, पुणे, सांगली या जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदाराला प्रमाणपत्र ही गोष्ट नवी नाही. युरोपात जाणाऱ्या खाण्याच्या द्राक्षांसाठी २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था लागू आहे. तिच्यात प्रत्येक बागेची नोंदणी होते, फवारण्यांची वही ठेवावी लागते, काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना तपासला जातो आणि परदेशातील गोदामात पोहोचलेली पेटी कोणत्या बागेतून निघाली इथपर्यंत माग काढता येतो. एवढी शिस्त या शेतीत रुजलेली असतानाही वाइनच्या द्राक्षांबाबत शाश्वततेचा प्रश्न वेगळा उभा राहतो, कारण ग्रेपनेट मुख्यतः फळात औषधाचा किती अंश उरला हे विचारते, तर शाश्वततेचे प्रमाणपत्र ते फळ पिकवताना जमिनीचे, पाण्याचे आणि माणसांचे काय झाले हे विचारते.

तपासणी जे विचारते तेवढेच तिला सापडते, हे २०१० च्या हंगामाने दाखवून दिले. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील ‘लिहोसीन’, त्या वेळी तपासणीच्या यादीतच नव्हते. युरोपात त्याचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यावर माल अडकला आणि नियमाप्रमाणे वही ठेवणारे शेतकरीही कर्जाच्या ओझ्याखाली आले. म्हणून कोणत्याही प्रमाणपत्राचे मोल ठरवताना त्याची प्रश्नावली कोणी, कुठल्या हवामानात आणि कोणाचे हित पाहून तयार केली, याची चौकशी आधी व्हायला हवी.

या दृष्टीने तांब्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. सेंद्रिय शेतीत कृत्रिम बुरशीनाशके निषिद्ध असली तरी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण चालते, कारण ते एकोणिसाव्या शतकापासून केवडा रोगावर वापरले जाणारे खनिज औषध आहे. तथापि तांबे विघटित होत नाही. ते मातीच्या वरच्या थरात साचत जाते आणि गांडुळांना व सूक्ष्मजीवांना बाधते. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला ४ किलो तांबे अशी मर्यादा घातली आहे. मोरचुदात तांबे साधारण एकचतुर्थांश असते. एक टक्का बोर्डोची हेक्टरी १००० लिटर फवारणी केली तर १० किलो मोरचूद, अर्थात सुमारे अडीच किलो तांबे बागेत पडते आणि वर्षाची सरासरी मर्यादा दुसऱ्याच फवारणीला ओलांडली जाते. प्रमाण अर्धा टक्का ठेवले तरी ती चौथ्या फवारणीला ओलांडते. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते, तर दख्खनच्या पठारावर तिला अशी विश्रांती नसल्याने एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि मधल्या चार पावसाळी महिन्यांत पान जिवंत राखावे लागते. युरोपची मर्यादा इथे जशीच्या तशी लावणे जितके अव्यवहार्य, तितकेच आपले हवामान वेगळे आहे म्हणून मर्यादाच नको असे म्हणणे घातक आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या संस्थांच्या आधाराने इथल्या मातीसाठी स्वतंत्र मर्यादा ठरवणे हे खरे काम आहे.

‘शाश्वत’ हे प्रमाणपत्र सेंद्रिय प्रमाणपत्राहून व्यापक असले तरी ते अधिक कडक असतेच असे नाही. न्यूझीलंडमध्ये १९९५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत आज ९० टक्क्यांहून अधिक द्राक्षक्षेत्र आलेले आहे, कारण उत्पादक संघटनेच्या स्पर्धा आणि प्रचारकार्यक्रम यांत भाग घेण्यासाठी प्रमाणपत्राची अट घातली गेली. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये आधी स्वयंमूल्यमापनाची संहिता आली, तिच्यात शेतकरी स्वतःची पायरी स्वतःच तपासत असे, आणि त्रयस्थ तपासनिसाचे प्रमाणपत्र २०१० मध्ये आले. जवळजवळ सर्वांना सामावणारी योजना तळाची पातळी वर उचलते. मात्र तिची अट दरवर्षी थोडी कठोर होत नसेल, तर शिक्का राहतो आणि सुधारणा थांबते.

वाइनरीच्या आत हिशोब बदलतो. टाक्या, पिंपे आणि नळ्या धुताना निघणारे सांडपाणी आम्लधर्मी व साखरेने भरलेले असते आणि ते वर्षभर सारखे न येता काढणीच्या काही आठवड्यांत एकदम येते, त्यामुळे शुद्धीकरण यंत्रणा त्या शिखरमागणीसाठी बांधावी लागते. कॉस्टिक सोड्यासारख्या सोडियमयुक्त धुण्याच्या द्रव्यांमुळे हे पाणी बागेला दिल्यावर चिकणमातीची घडण मोडते आणि निचरा बिघडतो. काळ्या जमिनीत तर हे नुकसान भरून काढणे फार अवघड असते, म्हणून पोटॅशियमयुक्त द्रव्यांकडे वळणे हा साधा पण महत्त्वाचा बदल ठरतो. शीतकरणाची वीज हा दुसरा मोठा खर्च आहे. पांढऱ्या वाइनचा रस आंबताना थंड ठेवावा लागतो आणि नाशिकची काढणी जानेवारी ते मार्च अशी चढत्या उन्हात होते. पहाटे तोडणी केल्यास द्राक्षे थंडच आत येतात, आणि त्या महिन्यांतील निरभ्र आकाशामुळे सौर विजेचा मेळ शीतकरणाच्या मागणीशी चांगला बसतो.

बाटलीकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. वाइनच्या एकूण कार्बन उत्सर्जनात काचेचा वाटा सर्वांत मोठ्या घटकांपैकी एक असतो, आणि जड बाटलीने वाइनच्या गुणवत्तेत काहीही भर पडत नाही. फेसाळ वाइनच्या बाटलीला आतला दाब सोसायचा असल्याने जाड काच लागतेच, पण साध्या वाइनसाठी २०२३ मध्ये अनेक मोठ्या विक्रेत्यांनी सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून ४२० ग्रॅमवर आणण्याचे ठरवले. भारतात बिअरच्या बाटल्या गोळा होऊन, धुतल्या जाऊन पुन्हा भरल्या जातात. वाइनरींनी सामायिक आकार स्वीकारला, तर वाइनच्या बाटलीलाही तो मार्ग मोकळा होईल.

उरतो तो खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्रात वाइनची बरीच द्राक्षे करारावर, लहान बागायतदारांकडून घेतली जातात, आणि पेठ, सुरगाणा या भागांतून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांची मजुरी, निवारा व फवारणीतील संरक्षण या बाबीही शाश्वततेच्या कसोटीत मोडतात. प्रमाणपत्राचा लाभ लेबलवर वाइनरीला मिळतो, तर नोंदी, तपासणी आणि बदललेली औषधे यांचा भार शेतकऱ्यावर पडतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात अल्पभूधारकांसाठी गट प्रमाणीकरणाची पद्धत आहे, तिच्यात शेतकऱ्यांचा गट अंतर्गत तपासणी करतो आणि बाहेरचा तपासनीस त्या व्यवस्थेची पडताळणी करतो. वाइनच्या द्राक्षांसाठी तशीच रचना शक्य आहे. तिच्या जोडीला खरेदीच्या करारात साखर आणि आम्लता यांच्याबरोबर मातीतील तांबे, पाण्याचा वापर आणि मजुरांच्या सोयी यांसाठीही प्रतिकिलो दर लिहिला गेला पाहिजे, आणि तो काढणीच्या तोंडावर नव्हे, तर खरड छाटणीपूर्वी ठरला पाहिजे, कारण औषधांचा आणि पाण्याचा वर्षाचा निर्णय शेतकरी तेव्हाच घेतो.