बिनकेमिकलचं द्या

क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात त्या पॅराबेनचं नाव आमच्या देगलुरात मोबाइलवरून आलं. माझं मेडिकल आहे, बी. फार्म. झाल्यापासून काउंटरमागं बसते. गिऱ्हाईक तीन राज्यांचं. मदनूरकडून येणारे तेलुगू बोलतात, औरादकडचे कन्नडच्या वळणाची मराठी, आणि क्रीम सगळ्यांनाच ‘बिनकेमिकलचं’ हवं असतं. पूर्वी लोक डबीवरची किंमत तेवढी बघायचे. आता कॉलेजच्या पोरी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचतात. मला ते आवडतं. वाचून झाल्यावर त्या जे ठरवतात, त्यावरून मात्र आमचे खटके उडतात.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी आली. मॉइश्चरायझरवर मिथाइलपॅराबेन लिहिलेलं दिसताच तिनं बाटली बाजूला सारली. “म्याडम, यानं कॅन्सर होतो.” आणि त्याच दमात, “ती बेटावाली ट्यूब द्या की. माझी मैत्रीण लावते, चार दिवसांत उजळली बगा.” बेटा म्हणजे बेटामेथासोन, चांगलं जबरी स्टेरॉइड. इसबावर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस, फार गुणाचं. तेच तोंडाला पावडरीसारखं रोज लावलं की कातडी पातळ होते, लाली धरते, पुटकुळ्या येतात, गालावर लव उगवते. आणि बंद केलं की चेहरा असा पेटतो की माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडं धावतं. २०१८ मध्ये सरकारनं चेहऱ्याला फासली जाणारी ही स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी चिठ्ठी मागितली. पोरगी तोंड वाकडं करून निघून गेली.

आठवडी बाजारात याहून वाईट माल मिळतो. नाव-गाव नसलेल्या डब्या, वर गोऱ्यापान बाईचं चित्र. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या मायलेकी, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधता शोधता माग निघाला तो ब्युटिशियनकडून आणलेल्या उजळपणाच्या क्रीमचा. त्यात पारा होता. आपल्याकडच्या नियमानं असल्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही, नकळत राहिलेला असला तरी दहा लाखांत एक भाग, त्याहून जास्त नाही. त्या बातमीचं कात्रण मी बरेच दिवस काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. लोक त्यावरच पैसे मोजायचे.

पॅराबेनची भीती अगदीच हवेतली आहे असं मी म्हणत नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्रे यांनी स्तनाच्या गाठींचे २० नमुने तपासून त्यांत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यामुळंच गाठ झाली, असं त्या अभ्यासातून निघत नव्हतं. शेजारच्या निरोगी भागात ते किती आहे याची तुलनाही त्यात नव्हती. पण बातमी सुटली ती सुटलीच. पुढं २०१४ मध्ये युरोपीय संघानं पाच प्रकारची पॅराबेन बंद केली, प्रोपाइल आणि ब्युटाइलला ०.१४ टक्क्याची मर्यादा घातली. मिथाइल आणि इथाइल तिथं आजही चालतात. गंमत पुढंच आहे. पॅराबेन नको म्हटल्यावर कंपन्यांनी जे दुसरे पदार्थ हाताशी धरले, त्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं. त्याची ॲलर्जी इतकी पसरली, की २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमधून ते युरोपला काढावं लागलं. डबीवर ‘पॅराबेन नाही’ लिहिलेलं असलं, तर त्याच्या जागी काय घातलंय, हे मी आधी शोधते.

आता माझ्या जावेची गोष्ट. ती बचत गट चालवते. गटातल्या बायकांनी कोरफडीचं क्रीम करायचं ठरवलं, कारण कोरफड फुकट. कुणाच्या बांधावर, कुणाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली. पानं कापून उभी ठेवायची, पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, कारण तो अंगाला खाजतो; मग गर काढून मिक्सरमधून फिरवायचा. करडईचं तेल आणि मधमाशीचं मेण पातळ करायचं, गरात टाकणखार विरघळवायचा आणि दोन्ही गरम असताना घोटत राहायचं. पांढरंशुभ्र, साईसारखं क्रीम जमतं. पहिल्या डब्या बघून मलाही कौतुक वाटलं.

श्रावणात त्यातल्या एका डबीचं झाकण तिनं माझ्यासमोर उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला हिरवट-काळे ठिपके, कडेला सुटलेलं पाणी, आणि ओल्या फडक्यासारखा वास.

“अक्का, मी त्यात सोडियम बेंझोएट टाकलं होतं की. सॉसच्या ट्रेनिंगमधी सांगितलं होतं तेवढंच.”

मी दुकानातली लघवी तपासायची पट्टी काढली. तिच्यावर एक चौकोन आम्लता दाखवतो. क्रीम पाण्यात कालवून त्यावर थेंब सोडला, चौकोन निळसर हिरवा झाला. म्हणजे पीएच आठाच्या आसपास, अल्कधर्मी. टाकणखारानं मेणाचा साबण होतो, म्हणून तर तेल-पाणी एकजीव होतं. पण बेंझोएट काम करतं ते आंबटात. सॉस आंबट, लोणचं आंबट, सरबत आंबट, तिथं ते बुरशीला उभं राहू देत नाही. इथं ते नुसतं पडून होतं. “मग लिंबूसत्व टाकते,” ती म्हणाली. टाकून बघितलं. क्रीम फाटलं.

बुरशी दिसली हे बरंच झालं. स्युडोमोनाससारखे जिवाणू वाढले असते तर डबी वरून तशीच पांढरीशुभ्र दिसली असती, आणि ती कुणाच्या तरी भेगाळलेल्या टाचेला, नाहीतर डोळ्याच्या कडेला लागली असती.

जावेचं म्हणणं, क्रीम टिकवणारं नैसर्गिक द्रव्य असेल की काहीतरी. असतं, नावं पुष्कळ आहेत. पण द्राक्षफळाच्या (ग्रेपफ्रूटच्या) बियांच्या अर्काचा किस्सा मी तिला सांगितला. जर्मन संशोधकांनी १९९९ मध्ये बाजारातले सहा अर्क तपासले. पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कारखान्यातलं जंतुनाशक निघालं. ज्या एकात काहीच मिसळलेलं नव्हतं, त्यानं जंतूही मारले नाहीत. उलट ज्या बेंझोएटला लोक केमिकल म्हणून नाक मुरडतात, त्याचं मूळ आम्ल पूर्वी लोबानातून काढत. तोच लोबान, जो आपल्याकडं दर्ग्यात आणि तिन्हीसांजेला घरोघरी जळतो.

“मग आपल्या आज्या काय घालत होत्या?” तिनं विचारलं.

काहीच नाही. उटणं कोरडं. काजळ तुपात नाहीतर एरंडेलात खललेलं. डोक्याला तेल. साय-हळद, डाळीचं पीठ-दही हे वाटीत कालवायचं, लावायचं, उरलं तर गोठ्याकडं. पाणी असलेली कुठलीच गोष्ट त्या डबीत भरून महिनाभर कपाटात ठेवत नव्हत्या. जंतूंना वाढायला पाणी लागतं. कोरडी पूड ओल लागू दिली नाही तर टिकते, तेल फार तर खवट होतं. आपल्याला मात्र आजीचा कालवलेला लेप हवा, आणि तो दिवाळीपासून होळीपर्यंत टिकायलाही हवा. दोन्ही एकदम मागितलं की टिकवणारं द्रव्य आलंच. तेही योग्य आम्लतेला, योग्य मापानं आणि तपासणी करून. बचत गटाच्या गॅसवर ते होण्यासारखं नव्हतं.

म्हणून आम्ही कोरफड सोडली. करडईचं घाण्याचं तेल आणि मेण, एवढंच. थेंबभर पाणी नाही. घोटायचं पातेलं आणि डब्यासुद्धा उन्हात कडकडीत वाळवायच्या. करडई आपल्या मराठवाड्याचीच, परभणीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. मलम टाचांना, ओठांना छान लागतं. कोरफडीच्या क्रीमचा थंडावा त्यात नाही, थोडं चिकट आहे, मे महिन्यात पातळ होतं. बायकांना ते पूर्वीइतकं देखणं वाटत नाही, आणि त्यांचं खरं आहे.

विकायचं म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरगुती असलं तरी. त्याचे कागद सध्या चाललेत. तोवर माल घरात आणि पाव्हण्यारावळ्यांत. लेबलचा मजकूर मात्र आत्ताच अडलाय. जावेला वर मोठ्या अक्षरांत ‘केमिकल फ्री’ हवं, नाहीतर नांदेडच्या प्रदर्शनात कुणी हात लावणार नाही म्हणते. मी म्हणते, तेलही केमिकलच, मेणही केमिकलच, मी फार्मसिस्ट असून हे छापू देणार नाही. ‘पाणी नाही’ लिही, बनवल्याची तारीख टाक. त्यावर ती म्हणते, “पाणी नाही असं लिवलं तर लोक इचारतील, मग हाय काय त्यात?”