चित्राबाहेरची माणसे

आमच्या घरात एक काचेचे कपाट आहे आणि त्याच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेले आहे. नव्या पाहुण्यांना वाटते, आत दागिने असावेत, नाहीतर जमिनीची कागदपत्रे. आत कॉमिक्स आहेत. वर्तमानपत्र चिकटवायला लावले ते अम्मींनी. त्याच खोलीत त्यांची जानमाज अंथरलेली असते. "ये तस्वीरां नमाज के कमरे में नक्को," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. दुसरी मोकळी जागा म्हणजे स्वयंपाकघर, आणि फोडणीच्या धुरात वेताळाला ठेवणे आमच्या जिवावर आले. मग तह झाला. कपाट राहील, पण चित्रे दिसणार नाहीत. चित्रांविषयी आलिमांमध्ये काय काय मते आहेत ती आम्ही ऐकून आहोत. त्या वादात पडण्याइतके आमचे इल्म नाही. तह मात्र इतकी वर्षे दोन्ही बाजूंनी पाळला गेला आहे.

कॉमिक्सचा शौक बाहेरून स्वस्त दिसतो, पण तो वेळ फार खातो. कागदाला कसर लागते, म्हणून डांबरगोळ्या. पिनांना गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग मधल्या पानावर उतरतो, म्हणून पिना काढून पाठीला दोरा घालायचा. पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून ऊन पडले की सगळी प्रजा गच्चीवर. आमच्या घरातून यावर एकच शेरा येतो, "एवढं ऊन कधी गाद्यांना दाखवलं असतं तर!" शेरा रास्त आहे. आम्ही गाद्याही नेतो, पण कॉमिक्स उतरवून झाल्यावर.

सिनेमाचेही तसेच. नवा सिनेमा लागतो शुक्रवारी, आणि शुक्रवारी दुपारी आम्ही कुठे असतो हे वाचकांना सांगायला नको. कॉलेजात असताना एकदा बाराचा शो आणि जुम्मा दोन्ही गाठण्याचा विचार केला होता. खुत्बा ऐकताना जीव थेटरात आणि थेटरात जीव मशिदीत, अशी आमची गत होईल हे वेळीच ध्यानात आले. तेव्हापासून आम्ही शनिवारचे प्रेक्षक आहोत. सिनेमा एक दिवस शिळा झाला तरी नासत नाही.

असे सगळे सुरळीत चालले असताना मागच्या सुट्टीत आमची सातवीतली लेक कपाटापाशी बसली. गठ्ठ्यामागून गठ्ठा उपसला. तिसऱ्या दिवशी, हातात एक अंक तसाच उघडा धरून, तिने विचारले, "अब्बू, यांच्यात आपल्यातला कोण आहे?"

आम्ही म्हणालो, "सगळेच आपले. वेताळ काय, मँड्रेक काय."

"तसं नाही. आपल्यासारखं नाव असलेला. हिरो."

प्रश्न सोपा होता, म्हणून आम्ही उत्तर शोधायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. सापडले ते असे: वाळवंटातला एक सुलतान, कमरेला वाकडी तलवार, उंटांच्या काफिल्याचा एक नायक, तोही दगाबाज, एक गालिचेवाला दुकानदार, आणि दारावर उभा राहून सलाम करणारा एक नोकर. इतक्या वर्षांत ही यादी आम्ही कधी केलीच नव्हती. वाचताना आम्ही नेहमी घोड्यावर होतो, वेताळाच्या जागी. दारावरच्या माणसाकडे पाहायला आम्हाला सवड नव्हती. लेकीने मात्र आधी त्याच्याकडेच पाहिले.

वाईट वाटले ते खरे. कारण चित्रात कोणाला कसे दाखवले म्हणजे कोण दुखावतो, हे छापणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली निघू लागले. मूळच्या फॅन्टम कथांतले जंगल 'बंगाला' नावाच्या देशातले. आपल्याकडे ते नाव बंगालची आठवण देणारे, म्हणून इंद्रजालमध्ये ते 'डेंकाली' झाले. मूळ कथेत वेताळाच्या पूर्वजाचे वैरी असलेले समुद्री चाचे 'सिंग' होते. इथे त्यांचे 'सिंगा' करण्यात आले. एका अक्षराने केवढी काळजी घेता येते पाहा! तशी काळजी उंटांच्या काफिल्यापर्यंत पोहोचली नाही, एवढेच.

मग आम्ही सिनेमाचा आधार घेतला. लेकीला सांगितले, 'दीवार'मधला 786 नंबरचा बिल्ला बघ, 'कुली'मधला इक्बाल बघ. 'शोले' तर तिच्यासोबत बसूनच पुन्हा पाहिला. त्यातले इमामसाहेब, त्यांचा अहमद, तो नोकरीसाठी शहराकडे निघतो आणि गब्बरच्या हाती मारला जातो, हे सारे पाहून ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आपल्यातले चांगले असतात, पण म्हातारे असतात किंवा मरतात."

आम्ही म्हणालो, "बेटा, इमामसाहेब झालेत ते ए. के. हंगल. अहमद झालाय तो आपला मराठी सचिन. आणि ज्याने सगळ्यांना रडवलं तो गब्बर म्हणजे अमजद खान." यावर ती खळखळून हसली. आम्हालाही, बोलता बोलता, एक वाट सापडल्यासारखे झाले. आपण माणसे चित्राच्या आत शोधत होतो. चित्राच्या बाहेर पाहिले तर?

'शोले' आणि 'दीवार' दोन्ही 1975 चे, आणि दोन्ही लिहिले सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी. त्या काळी पोस्टरवर लेखकाचे नाव घालायची रीत नव्हती. 'जंजीर' 1973 साली लागला तेव्हा या दोघांनी रंगारी गाठून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली, हा किस्सा सिनेमाच्या शौकिनांत प्रसिद्ध आहे. ज्याने गोष्ट रचली, त्याला आपले नाव भिंतीवर चढवण्यासाठी रंगाचा डबा विकत घ्यावा लागला.

आणि मग आम्हाला आमचा बहादूर आठवला. इंद्रजालमध्ये तो 1976 साली आला. परदेशी वीरांच्या रांगेत भगवा कुडता आणि जीन्स घातलेला हा एकटा देशी गडी. बाप डाकू होता, पोलिसांच्या हातून मेला. सूड घ्यायला निघालेल्या पोराला बापाचे खरे रूप कळते, आणि सूड सोडून तो गावोगावच्या माणसांना डाकूंविरुद्ध उभे करतो. लहानपणी दोन मँड्रेक देऊन एक बहादूर असा आमचा भाव होता. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. आणि बहादूर घडवला कोणी? आबिद सुरती यांनी. ते नाव आम्ही शंभर वेळा वाचले असेल आणि पान उलटले असेल.

आबिद सुरती यांचा जन्म 1935 चा, बालपण मुंबईच्या डोंगरीत, गरिबीत. महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या आगगाडीमागे पोरे धावत, कोणी काही खायला फेकले तर मिळवायला. एकदा गाडीतून एक कॉमिक पडले. पोरांनी झडप घातली, ओढाताणीत ते फाटले, आणि या मुलाच्या हाती एकच पान लागले, मिकी माऊसचे. ते पान गिरवता गिरवता तो चित्रे काढायला शिकला. आमच्या कपाटात कितीतरी पाने आहेत, पण त्या एका फाटक्या पानाने जे केले ते आमच्या गठ्ठ्यांना जमलेले नाही.

लेकीला हे सगळे सांगितले. वर 'द मेसेज'ची गोष्टही जोडली. मुस्तफा अक्काद यांचा हा 1976 चा चित्रपट इस्लामच्या सुरुवातीच्या काळावरचा. अँथनी क्विन त्यात हजरत हमजांच्या भूमिकेत आहे. पण ज्यांच्यामुळे ही सगळी कथा घडते, ते हजरत पैगंबर (स.) पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. माणसे कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि आपण समजून घेतो. आम्ही जरा रंगात येऊन म्हणालो, "पाहिलंस? सगळ्यात मोठी गोष्ट चित्रात नसते, चित्राबाहेर असते."

लेकीने शांतपणे विचारले, "पण अब्बू, तिथे अदब म्हणून दाखवलं नाही. इथे कशामुळे दाखवलं नाही?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही. आपल्या सोयीसाठी दोन वेगळ्या गोष्टी आपण एका दाव्याला बांधल्या, हे मात्र पटले. लिहिणारे हात आपले होते याचा अभिमान खराच. पण त्यामुळे दारावरचा नोकर घोड्यावर बसत नाही.

मग तिनेच आम्हाला कमला खान दाखवली. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, स्वतःच सुपरहिरोंची वेडी. 2013 साली ती मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आली आणि 2014 पासून 'मिस मार्व्हल' म्हणून तिचे स्वतःचे अंक निघाले. ही कल्पना पुढे नेणाऱ्या संपादिका सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन, दोघी मुसलमान. 2022 साली तिच्यावर मालिका निघाली. तीत मशिदीतून एका मुलीचे महागडे बूट चोरीला जातात. तो प्रसंग पाहून आमच्या घरातून मोठ्याने हसू आले. अमेरिकेतसुद्धा? चपला चोरीला जाण्यात एवढी आपुलकी असते हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते! लेक हसली नाही. ती पुढे सरकून बसली होती, जसे आम्ही कधीकाळी बहादूरचा नवा अंक हाती आला की बसत असू.

आबिद सुरतींची गोष्ट तिच्या डोक्यात राहिली ती मात्र वेगळ्याच कारणाने. 2007 साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी मीरा रोडला एक काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर सोबत घ्यायचा, इमारतींतल्या घरांची दारे वाजवायची आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. लहानपणी पाण्याच्या एका बादलीसाठी पहाटेपासून रांगेत उभी असलेली आई त्यांनी पाहिली होती. वीरांच्या गोष्टी लिहिणारा माणूस म्हातारपणी रबराचा वायसर घेऊन फिरतो, हे ऐकून लेक म्हणाली, "अब्बू, आपल्या मशिदीतला कोपऱ्यातला नळ गळतो ना?"

गळत होता. आम्ही तिथेच रोज वुजू करत होतो आणि बाजूच्या नळावर सरकत होतो. त्या रात्री इशानंतर नळाखाली बादली ठेवली. फजरला पाहिली तर निम्मी भरलेली. मापले तेव्हा सात लिटर निघाले. हदीसमध्ये येते की हजरत पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरहून थोडे कमीच. एका रात्रीत, एका नळातून, दहा वुजूंचे पाणी आमच्या डोळ्यांदेखत गटारात गेले होते, आणि आम्ही घरी येऊन जगाला वाचवणाऱ्यांच्या गोष्टी वाचत होतो.

रविवारी सकाळी मुअज्जिनसाहेबांना विचारून आम्ही बापलेक पाना, वायसर आणि टेपची गुंडाळी घेऊन गेलो. वरचा मुख्य कॉक बंद करायला विसरलो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत आमचाच गुस्ल झाला. पहिला वायसर मोठा निघाला. दुसरा बसला, पण थेंब थांबेना. शेवटी चौकातला प्लंबर बोलावला. त्याने आतला घासलेला स्पिंडल बदलला आणि आमच्या हातातल्या पान्याकडे पाहून काही बोलला नाही, ही त्याची भलाई. नळ बंद झाला.

त्या दुपारी लेकीने वहीच्या पानावर चार चौकटी आखल्या. पहिलीत थेंब, दुसरीत बादली, तिसरीत भिजलेले आम्ही, पोटासकट. चौथीत ओढणी घेतलेली एक मुलगी, हातात पाना. खाली बारीक अक्षरांत तिने आपले नाव लिहिले, आणि मग काय वाटले कोण जाणे, ते पुसून मोठ्या अक्षरांत लिहिले.

अम्मींनी चष्मा लावून पान बराच वेळ पाहिले. आम्ही श्वास रोखून उभे. त्या म्हणाल्या, "पानी बंद हुआ क्या?"

"हुआ, दादी."

"फिर ठीक है."

पान आता कपाटात आहे, बहादूरच्या अंकाला लागून. काचांवरचे वर्तमानपत्र मात्र जागेवरच आहे. तह तो तह.