नांवांची उतरंड

जुन्या घरांतील उतरंड मला आवडते. मोठा डेरा तळाशीं, त्यावर मडकें, त्यावर गाडगें. कोणतें भांडें कोठें असावयाचें याविषयीं वाद नसतो.

संगणकाची कळ दाबल्यावर आरंभींच जागा होणारा बूटलोडर हा प्रोग्रामहि अशाच उतरंडीवर उभा असतो. तो मेमरी तयार करतो, लिनक्ससारख्या प्रणालीला हांक मारतो आणि बाजूला होतो. नाना यंत्रांना जागें करावयाचें म्हणून त्याच्या कोडाचे थर असतात. तळाशीं आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची भाषा. त्यावर ती बोलणारा प्रोसेसर. त्यावर प्रोसेसरला पोटांत घेणारी चिप. आणि सर्वांत वर चिप बसविलेला बोर्ड.

२००२ सालापासून यू-बूट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बूटलोडरचा कोड मी आवडीनें वाचतो. त्यांतील आर्म प्रोसेसरांचा कप्पा उघडावा, तों भांडीं मिसळलेलीं! ‘आर्म९२६ईजेएस’, ‘आर्म११३६’ हीं प्रोसेसरांचीं नांवें. त्यांच्याच पंक्तीला बसलेलीं ‘आर्मव्ही७’, ‘आर्मव्ही८’ हीं मात्र भाषेच्या पिढ्यांचीं. गोविंदराव, विष्णुपंत आणि ‘मराठी’ अशीं तीन पानें एका ओळींत मांडावींत, तसें हें झालें! त्यांतून ‘आर्म७२०टी’ हा आर्म७ घराण्यांतला. पण तो भाषा बोलतो ती चौथ्या पिढीची. ‘आर्मव्ही७’शीं त्याचें नातें केवळ आंकड्यापुरतें.

हें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. नवा बोर्ड घेऊन आलेला उमेदवार या गोंधळांत चिपचा कोड बोर्डाच्या कप्प्यांत ठेवतो. त्याच चिपचा दुसरा बोर्ड आला कीं त्या कोडाची नक्कल होते. पुढें एकींतील चूक सुधारली तरी दुसरींत ती तशीच राहते. आणि बूटलोडर चुकला म्हणजे पुष्कळदां तक्रारीचें एक अक्षरहि पडद्यावर उमटत नाहीं. यंत्र नुसतें मुकें होऊन बसतें.

तरीहि या नांवांवर मला राग धरवत नाहीं. जसजसे प्रोसेसर आले तसतसे कप्पे पडत गेले. पुष्कळ प्रोसेसर एकच भाषा बोलूं लागल्यावर भाषेच्या नांवाचा कप्पा सोयीचा झाला. जुन्यांचीं नांवें मात्र तशींच राहिलीं. नातवंडें झालीं तरी घरांतली ‘नवी वहिनी’ नवीच असते. पण तिला ओळखणारीं माणसें घरांत असतात. कोडाच्या दाराशीं येणारा बहुधा परकाच. म्हणून नांव ठेवतांना घरच्यांच्या आठवणीपेक्षां पाहुण्याच्या वाटेचा विचार अधिक व्हावयास हवा.