सहाव्या तारेचं काय करायचं?

दहा तारा, तीन पेडल्स, चार-पाच नी-लिव्हर्स. डावा पाय पेडल्सवर, उजवा व्हॉल्यूमवर, दोन्ही गुडघे लिव्हर्सच्या मधे, डाव्या हातात स्टीलचा जड बार आणि उजव्या अंगठ्यात नि दोन बोटांत नख्या. पेडल स्टील गिटार वाजवताना माणसाचं फक्त डोकं तेवढं मोकळं राहतं. माझं तेही गेले दोन महिने सहाव्या तारेनं अडवून ठेवलं होतं.

प्रश्न ऐकायला अगदी फालतू आहे. सहावी तार प्लेन लावायची की वाउंड? म्हणजे साधी की गुंडाळलेली?

प्लेन म्हणजे नुसती स्टीलची तार. वाउंड म्हणजे आत बारीक तार आणि तिच्यावर निकेलची किंवा स्टेनलेस स्टीलची घट्ट गुंडाळी. सूर खाली न्यायचा तर तार जड हवी. पण नुसती जाडी वाढवत गेलात तर ती सळईसारखी ताठ होते आणि आवाज बद्द येतो. गुंडाळीमुळे वजन वाढतं आणि आतली तार लवचीक राहते. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिकमध्ये चालणाऱ्या ई-नाइन ट्यूनिंगमध्ये पहिल्या पाच तारा प्लेन आणि सातवीपासून दहावीपर्यंत वाउंड. त्यावर कुणाचं फारसं भांडण नाही. सहावी मात्र नेमकी सीमेवर. ती 20 ची प्लेन लावा किंवा 22 ची वाउंड. सेट दोन्ही प्रकारचे मिळतात. (हे आकडे हजारांश इंचात. 20 म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर!)

हे वाद्य तसं तरुण आहे. हवाईमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पट्टी सरकवायला सुरुवात झाली. ती हवाईयन गिटार आपल्याकडेही आली आणि रुजली. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागदारी वाजवली. तिकडे अमेरिकेत तिला पाय फुटले, पेडल्स लागली. 1954 मध्ये गाजलेल्या वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सनं सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. काही सूर जागेवर राहिले आणि काही वर सरकले. त्यानंतर सगळ्यांना तेच हवं झालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ई-नाइनचा मूळ सा म्हणजे पांढरी तीन. सहावी तार हा तिचा गंधार. बी पेडल दाबलं की गंधाराचा शुद्ध मध्यम होतो, त्याच वेळी ए पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो. सा-ग-प चं सा-म-ध, तेही बार न हलवता. आणि एका लिव्हरनं हाच गंधार खाली रिषभापर्यंत आणता येतो. म्हणजे येतो, जर तार प्लेन असेल तर.

कारण साधं फिजिक्स आहे. तार जितकी ताणाल किंवा सैल कराल तितका सूर हलतो, पण ताण झेलते ती फक्त आतली तार. गुंडाळी नुसतं ओझं वाहते. त्यामुळे तेवढ्याच ओढीत प्लेन तार जास्त सूर हलवते, वाउंड कमी. माझ्या गिटारवर वाउंड तार लावली की लिव्हर कोमल गंधाराच्या जरा पुढे जाऊन अडतो. रिषभ समोर दिसतो, हाती लागत नाही.

मग लावा की प्लेन, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं, पण घरी आई आहे.

बाबा गेल्यापासून आईची पेटी कपाटावर चढली होती. गाणं बंद. ऑनसाइट असताना टेक्सासमध्ये घेतलेलं हे सेकंडहॅण्ड धूड मी हॉलमध्ये मांडलं, तेव्हा तिनं आधी ‘हे ठेवणार कुठे?’ एवढंच विचारलं. पण पेटीत मींड नसते आणि यात मींडच मींड. तिसऱ्या की चौथ्या रविवारी भाजी निवडता निवडता ती गुणगुणायला लागली. तिचा सा काळी चार. मी गुपचूप बार चौथ्या फ्रेटवर नेला. तेव्हापासून रविवार सकाळ आमची.

आईचा कान मात्र ट्यूनरपेक्षा कडक. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘‘अगं, गंधार चढा आहे तुझा.’’ ट्यूनर हिरवा दिवा दाखवत होता! पण तिचं बरोबर होतं. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा भाग. पेडल स्टीलचे बरेच वादकही हा सूर कानानं उतरवूनच लावतात.

इथेच प्लेन तार दगा देते. पेडल दाबलं की गिटारच्या बॉडीवर ताण येतो, ती केसभर वाकते आणि बाकीच्या तारा किंचित सैल पडतात. वाउंड तार हे पचवते. प्लेन तार लगेच उतरते. मी ए पेडल दाबलं की आईची भुवई वर. वाउंडचा आवाजही तिला आवडलेला, गोल आणि भरलेला. फक्त बार सरकताना त्या गुंडाळीवर होणारी खरखर नको होती.

दोन महिने मी तारा बदलत होते. नुसती तार बदलून भागत नाही. प्रत्येक वेळी पेडलची ओढ नव्यानं लावावी लागते. ऑफिसातून आल्यावर गिटारखाली आडवी पडून नट फिरवणारी मुलगी बघून शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं.

शेवटी निकाल आईनंच लावला. तिच्या एका आवडत्या भावगीतात अंतरा संपताना गंधारावरून रिषभावर येणं आहे. वाउंड तारेवर मी ते बार मागे घेऊन वाजवलं. रिषभ आला, पण सा आणि पंचमही त्याच्याबरोबर खाली घसरले. मग प्लेन तार लावून लिव्हरनं वाजवलं. सा-प जागेवर आणि मधून एकटा गंधार सावकाश उतरत आला. आई गाता गाता थांबली. म्हणाली, ‘‘हे ठेव.’’ मग पेडलखाली सरकणाऱ्या गंधाराचं काय? ‘‘सा-ग-प वाजेल तेव्हा खरा लाव. बाकीच्या वेळी मी सांभाळून घेईन.’’

तर सध्या सहावी तार 20 ची, प्लेन. ई-नाइनच्या वाटेला जाणार असाल तर माझा फुकटचा सल्ला: तुमच्या गिटारला सहावी तार रिषभापर्यंत उतरवणारा लिव्हर आहे का, ते आधी बघा. नसेल किंवा लागणारच नसेल, तर वाउंड लावा आणि सुखी राहा. असेल तर प्लेन. मला पुण्यातल्या एकाही दुकानात पेडल स्टीलचा सेट मिळाला नाही, त्यामुळे बाहेरून मागवताना दोन्ही प्रकारच्या दोन-दोन सुट्या सहाव्या तारा सोबत मागवा. तिसरी, 11 ची, तर मूठभरच घ्या. सगळ्यात जास्त तुटते ती तीच.

दहावी 36 ची लावावी की 38 ची, हा वाद आता सुरू झालाय. आईचं मत अजून यायचंय.